आयर्लंडच्या लढ्यावरच्या तीन कादंबऱ्या: आधी कोणती उघडावी?

टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली ती २८ एप्रिल १९१६ ला. त्या दिवशी आयर्लंडमध्ये डब्लिनचं मुख्य टपाल कार्यालय जळत होतं आणि दुसऱ्या दिवशी तिथले, इंग्रज सत्तेविरुद्ध उठलेले बंडखोर शरण गेले. होमरूल, म्हणजे साम्राज्यात राहून स्वराज्य, हा शब्द आपण ज्यांच्याकडून उचलला, ती आयरिश माणसं त्या आठवड्यात त्या शब्दाच्या पुढे, पूर्ण स्वातंत्र्याकडे निघून गेली होती.

पुढचं इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं: फाशी, गोळ्या, तह, फाळणी. घरात काय मोडलं ते मात्र कादंबरीतच वाचावं लागतं. ज्यांना सध्या एकच वाचायची आहे त्यांच्यासाठी तीन समोर ठेवते. तिन्ही इंग्रजीत आहेत, आणि तिघांची इंग्रजी तीन तऱ्हांची आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. सेबॅस्टियन बॅरीची ‘अ लाँग लाँग वे’ (२००५) पहिली घ्या. नायक विली डन हा डब्लिनच्या एका बड्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. वडील धिप्पाड; याची उंची पोलिसात घेण्याइतकी नाही. ते शल्य घेऊन पोरगा इंग्रजांच्या फौजेत शिरतो आणि बेल्जियमच्या खंदकात जाऊन पडतो. पहिल्या महायुद्धात दोन लाखांवर आयरिश माणसं अशी लढली. आता लढलात तर होमरूल पदरात पडेल, असं त्यांच्यातल्या पुष्कळांना त्यांच्याच पुढाऱ्यांनी सांगितलं होतं. रजा संपवून निघालेल्या विलीला नेमक्या त्या बंडाच्या, ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनच्याच रस्त्यावर बंदूक देऊन उभं करतात. समोर कोण आहे हे त्याला कळतच नाही, आधी वाटतं जर्मन उतरले. मग एक कोवळा बंडखोर त्याच्यासमोर मरतो, आणि तो बोलतो विलीसारखाच. ते रक्त गणवेशावर घेऊन विली पुन्हा खंदकात जातो.

खरा घाव यानंतर बसतो. त्या मेलेल्या पोराबद्दल वाईट वाटलं, एवढंच विली वडिलांना पत्रात कळवतो. वडील राजनिष्ठ. त्या दोन ओळींनी बापलेकात जे होतं ते इथे सांगत नाही, पण तोफांच्या प्रकरणांपेक्षा मला तेच जड गेलं. बंडखोरांच्या लेखी हा इंग्रजांचा भाडोत्री, घरच्यांच्या लेखी फितूर. जायचं कुठे?

दोषही आहे. बॅरी फार सुंदर लिहितो. विषारी वायूने माणसं तडफडत असतानाही उपमांवर उपमा येतात, तेव्हा ‘अहो, जरा थांबा’ म्हणावंसं वाटतं. सुरुवातीची खंदकांची वर्णनंही एकसारखी होतात. पन्नासएक पानं कळ काढावी लागते.

रॉडी डॉयलची ‘अ स्टार कॉल्ड हेन्री’ (१९९९) अगदी दुसऱ्या टोकाला. हेन्री स्मार्ट डब्लिनच्या चाळींतला. एका खोलीत अख्खं कुटुंब, क्षयाचा खोकला, लाकडी पायाचा बाप. आणि तो पाय बाप माणसं मारायला वापरतो. चौदाव्या वर्षी पोरगा टपाल कार्यालयात बंदूक घेऊन उभा. त्याला आयर्लंडच्या झेंड्याचं काही पडलेलं नाही. तो कामगार पुढारी जेम्स कॉनलीच्या कामगार सेनेत आहे, त्याला भाकरी आणि हिशोब हवा आहे. पुढे तो बंडखोरांचा पुढारी मायकेल कॉलिन्स याच्यासाठी खून करायला लागतो. नावाची चिठ्ठी येते, माणूस मरतो. आपण नेमके कुणासाठी मारत होतो आणि मोकळ्या झालेल्या खुर्च्यांवर कोण बसलं, हे उशिरा उमगणं ही त्याने मोजलेली किंमत. पुस्तक पळतं, हसवतं, शिव्या घालतं. डब्लिनची बोली पहिली वीस पानं अडवते, मग कानात बसते. मला टोचलं ते हेन्रीचं स्वतःच्या मर्दानगीवरचं प्रेम. भेटेल ती बाई त्याच्यावर भाळते. मुद्दाम केलेली अतिशयोक्ती आहे हे कळतं, तरी कंटाळा येतो.

एलिझाबेथ बोवेनची ‘द लास्ट सप्टेंबर’ (१९२९) जमीनदारांच्या गढीतून दिसते. साल १९२०, कॉर्क परगणा. टेनिस, चहा, इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर नाच. कुंपणापलीकडे लोक दबा धरून बसलेत आणि आत त्याबद्दल बोलणं असभ्य मानलं जातं. लोइस नावाची तरुण भाची या दोन्हींच्या मध्ये लटकलेली. बोवेन स्वतः अशाच घराची वारस होती. तिची गढी जळण्यातून वाचली, गोष्टीतली वाचत नाही. वाक्यं वाकडी आणि अर्धी सोडलेली, त्यामुळे ही सर्वांत अवघड. घाईत असाल तर हात लावू नका.

एक उणीव तिघींतही आहे. इंग्रजांशी झालेल्या तहानंतर, त्या तहावरूनच, १९२२-२३ मध्ये कालचे साथी एकमेकांवर उठले, नव्या सरकारने आपल्याच पंचाहत्तरहून जास्त जुन्या सोबत्यांना गोळ्या घातल्या, ती यादवी यांत येत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठी किंमत तिथेच मोजली गेली. त्यासाठी बॅरीचीच ‘द सीक्रेट स्क्रिप्चर’ पाहा.

कादंबरी झेपेल की नाही अशी शंका असेल, तर फ्रँक ओ’कॉनरची ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ ही कथा आधी वाचा. अर्ध्या तासाचं काम. दोन इंग्रज कैदी आणि त्यांचे आयरिश पहारेकरी रोज पत्ते कुटतात, भांडतात, एकमेकांचे होतात. मग वरून हुकूम येतो. ओ’कॉनर स्वतः यादवीत कैदेत पडलेला माणूस, त्यामुळे कुठे गळा काढत नाही.

आणि विली वाचून झाला की बॅरीचं त्याआधीचं नाटक ‘द स्टुअर्ड ऑफ ख्रिसेंडम’ (१९९५) शोधा. तिथे तो म्हातारा पोलीस अधिकारी निवृत्तीनंतर वेड्यांच्या इस्पितळात एका खोलीत पडून आहे, आणि युद्धात गेलेला मुलगा त्याला भेटायला येतो तो लहान पोर होऊन.