नामधारी प्रमुख: भारताचे राष्ट्रपती आणि ब्रिटनचा राजा
जहाजाच्या नाळेवरची कोरीव मूर्ती सर्वांत पुढे, सुकाणू मात्र दुसऱ्याच्या हाती. ही दोन्ही पदे तशीच, पण सारखी नव्हेत.

ब्रिटनमध्ये विधेयकाला संमती नाकारल्याची शेवटची घटना १७०८ ची, राणी ॲनच्या काळातली. तीही मंत्र्यांच्याच सल्ल्याने.

राष्ट्रपतींना थोडी जागा आहे. कलम ७४ नुसार मंत्रिमंडळाचा सल्ला ते एकदा फेरविचारासाठी पाठवू शकतात (ही १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीची देणगी). तोच परत आला की मानावाच लागतो. कलम १११ खाली धनविधेयक (कर व सरकारी खर्चाविषयीचे) सोडून इतर विधेयकही परत पाठवता येते. खरी मेख मुदतीत आहे: संमतीसाठी ठरावीक दिवस घटनेने घातलेलेच नाहीत. म्हणूनच १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक तत्कालीन राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना मंजूर केले, ना परत पाठवले.