हार्ड डिस्कवर फाइल सेव्ह होत नसेल तर फॉरमॅट करायच्या आधी इथे दाखवा (तपकीर गल्ली, पुणे)

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

भावाच्या लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवरून घरच्या 1 टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकायचा होता. फोटो आरामात जायचे पण व्हिडिओ टाकला की लगेच एरर, फाइल खूप मोठी आहे म्हणून, आणि डिस्कवर जागा तर निम्म्याहून जास्त रिकामी! त्यात मोठा फोल्डर कॉपी करताना मधेच डिस्क गायब व्हायची ते वेगळंच. घराजवळच्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी डिस्क लावूनही न बघता सांगितलं, फॉरमॅट मारावी लागेल नाहीतर नवीन घ्या. त्या डिस्कवर आईबाबांचे स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो आहेत, फॉरमॅट कशी मारणार?

मग ऑफिसमधल्या एकाने तपकीर गल्लीतल्या या दादांचं नाव सुचवलं. दुकान अगदी छोटं आहे, एका वेळी दोन माणसं उभी राहतील एवढंच. पण दादांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की "ताई, एरर नक्की काय येतो, शब्दन् शब्द सांगा", आणि मला तिथेच बरं वाटलं, कारण सगळी गोम त्या एररमधेच होती. डिस्क फॅट32 मधे होती. ही डिस्कवर फाइल मांडून ठेवायची 1996 च्या आसपासची पद्धत, तिच्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, डिस्क कितीही रिकामी असू दे. आमचा व्हिडिओ 11 जीबीचा.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. विंडोजमधे कन्व्हर्ट नावाची कमांड असते, तिने डेटा न पुसता फॅट32 ची एनटीएफएस, म्हणजे मोठ्या फाइल चालणारी विंडोजची पद्धत, करता येते, बहुतेक दुकानवाले हे सांगतच नाहीत. दादांनी आधी मला आईबाबांच्या फोटोंचा फोल्डर लॅपटॉपवर घ्यायला लावला, कारण कमांड चालू असताना लाइट गेली किंवा केबल हलली तर घोळ होऊ शकतो, मग चेकडिस्क मारून एरर नाहीत ना बघितलं आणि मगच कमांड दिली. सगळं माझ्यासमोर, माझ्याच लॅपटॉपवर, डिस्क आत वगैरे नेली नाही. घरचे फोटो असतात हो, कोणाच्याही हातात सोडून यायला नको वाटतं.

वहिनीकडे मॅक आहे हे मी बोलता बोलता आधीच सांगितलं होतं, तर त्यांनी कमांड देण्याआधीच बजावलं की मॅक एनटीएफएसवरच्या फाइल वाचतो पण जादा काही सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडून सेव्ह करायचं असेल तर एक्सफॅट ही तिसरी पद्धत लागेल आणि त्याला मात्र फॉरमॅटच करावं लागतं, म्हणजे आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवायचा. वहिनीला फक्त बघायचं होतं म्हणून आम्ही एनटीएफएसच ठेवलं.

डिस्क गायब होण्याचं कारण केबल निघाली. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून डिस्कची तब्येत बघितली, खराब सेक्टर एकही नाही, खटखट आवाजही नाही. मग कळलं की मी यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावत होते आणि ही छोटी डिस्क वीजसुद्धा त्याच पोर्टमधून ओढते, यूएसबी 2 ला 500 मिलिअँपिअरपर्यंत मिळते आणि यूएसबी 3 ला 900, त्यात केबल सैल, मग जरा लोड आला की डिस्क बंद पडणारच ना. नवीन केबल घेतली, थेट लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टला लावली आणि स्पीड सेकंदाला तीसेक एमबीवरून शंभरच्या वर गेला! 200 जीबीचा फोल्डर आता अर्ध्या तासात जातो, आधी दीड तासाच्या वर लागला असता आणि तोही पूर्ण झाला असता तर.

एक फोल्डर तरीही अडत होता. त्याचं कारण नावं. फोल्डरात फोल्डर करून लांबच लांब मराठी नावं दिलेली, आणि विंडोजमधे पूर्ण पाथला, म्हणजे सगळे फोल्डर आणि फाइल मिळून होणाऱ्या नावाला, साधारण 260 अक्षरांची मर्यादा असते, देवनागरीत तर काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं त्यामुळे ती पटकन भरते. नावं छोटी केली, गेला फोल्डर.

खर्च तपासणीचे 200 आणि केबलचे 250. नवीन डिस्क विकायचा त्यांनी एकदाही प्रयत्न केला नाही. माझ्यासमोरच एकजण खटखट आवाज करणारी डिस्क घेऊन आला, त्याला दादांनी सरळ सांगितलं की ही आता परत लावूच नका, माझ्याकडे हे काम होत नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबमधे न्या. गिऱ्हाईक हातचं जाऊ देऊन खरं सांगणारा माणूस म्हणून मला यांचं फार कौतुक वाटलं.

अर्धा स्टार कापला कारण बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, फोन उचलत नाहीत आणि बसायला जागा नाही, वयस्कर माणसाला तेवढा वेळ उभं राहणं जड जाईल. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळतच नाही, मंडई मेट्रोला उतरून चालत जा. आणि जाताना नुसती डिस्क नको, लॅपटॉप, चार्जर आणि तुम्ही वापरता तीच केबल घेऊन जा, शिवाय एररचा फोटो काढून ठेवा, काम लवकर होतं.