स्कुबाला जाताना दागिने आणि फोन कुणाच्या हातात देताय ते बघा (मालवणचा अनुभव)

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं पण बरेच दिवस आठवण काढली तरी पोटात गोळा यायचा. आता परत सुट्ट्या येतील, मालवण-तारकर्लीला गर्दी होईल, म्हणून जसं झालं तसं सगळं सांगते, कृपया शेवटपर्यंत वाचा.

डिसेंबर २०२४, नाताळची सुट्टी. कोल्हापूरहून पहाटे निघालो, फोंडाघाट उतरलो, मी, हे, आमची दोन मुलं, दीर-जाऊ आणि सासूबाई असे ७ जण. देवबागला होमस्टे घेतला होता. दुसऱ्या दिवशी फक्त सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असं ठरलेलं, सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या रूमवरच थांबल्या. किल्ल्यावर जायचं म्हणून मी मंगळसूत्र, अंगठी घालूनच निघाले, यांच्या फोनच्या कव्हरमध्ये मागे डेबिट कार्ड, असंच आपण नेहमी जातो ना. किल्ला बघून जेट्टीवर परत आलो आणि मुलांनी स्कुबाचा हट्ट धरला. रस्त्यावर गाड्यांना हात करणारी मुलं असतातच, त्यातल्या एकाने भाव सांगितला, परवडला, आणि पंधरा मिनिटांत आम्ही किनाऱ्यावरच्या एका झापाखाली फॉर्म भरत बसलो होतो. म्हणजे घरून काही ठरवून गेलोच नव्हतो, आणि फसलो ते तिथेच.

फॉर्मवर नाव, आडनाव, मोबाईल नंबर, किती जण, कुठे उतरलात हे सगळं मी मोठमोठ्याने विचारत लिहीत होते. आजूबाजूला दहा-बारा लोक उभे. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती की मौल्यवान सामानाची जबाबदारी ग्राहकाची, ती मी नंतर वाचली.

थोड्या वेळाने एक जण आला, पंचविशीचा असेल, पाठीवर स्कुबा छापलेला निळा टीशर्ट, तिथे काम करणाऱ्या बाकीच्या मुलांसारखाच. आमचं आडनाव घेऊन हाक मारली, सहा जण ना तुम्ही, देवबागला उतरलाय ना, म्हणाला. मग मला म्हणाला, ताई मंगळसूत्र आणि अंगठ्या काढून ठेवा, पाण्यात बोटं आखडतात, अंगठी कधी निसटते कळत पण नाही, आणि गेली की वाळूत सापडत नाही. हे खोटं नाहीये हो! पाण्यात अंगठ्या खरंच निसटतात, कुठलाही चांगला ट्रेनर हेच सांगेल, म्हणूनच मला शंका आली नाही. त्याच्याकडे एक जाड प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी होती, त्यात माझं मंगळसूत्र, अंगठी, जावेच्या बांगड्या, यांचा फोन कार्डासकट, सगळं आमच्यासमोर घातलं, चेन लावली आणि १४ नंबरचा बिल्ला माझ्या हातात दिला. लॉकरमध्ये ठेवतो, आल्यावर बिल्ला दाखवा. काउंटरच्या मागे लोखंडी कपाट होतं आणि तो त्याच बाजूला गेला, मी स्वतः बघितलं. पण कपाट उघडून आत ठेवताना बघितलं का, तर नाही, तेवढ्यात बोटीवाल्याने हाक मारली.

दिराचा फोन आणि गाडीची किल्ली मात्र वाचली, कारण दिरांनी ती स्वतःच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात अडकवून बोटीपर्यंत नेली आणि पाण्यात उतरताना जावेकडे दिली, ती उतरली तेव्हा परत दिरांकडे. किल्ली पण त्या पिशवीत गेली असती तर गाडीसुद्धा गेली असती कदाचित.

पाण्यात एकेकाला १५-२० मिनिटं, पण आमच्या आधी दुसरे लोक होते, मग आमचे सहा, जाऊन येऊन सगळं मिळून जवळजवळ अडीच तास गेले. चोराला हे तंतोतंत माहीत असतं. बाजारात पाकीट मारलं तर पाच मिनिटांत आपल्याला कळतं, इथे अडीच तास आपण समुद्रात, काही गेलंय याची कल्पनाच नाही, आणि त्याला ते माहितीये.

परत आल्यावर बिल्ला दाखवला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, असे बिल्ले आमच्याकडे नाहीत. ते लॉकर नाही, हवेच्या सिलिंडरच्या सामानाचं कपाट आहे. आणि तो निळा टीशर्टवाला आमचा माणूसच नाही. तसले टीशर्ट तिथे दुकानात लटकलेले असतात, कुणीही घेऊ शकतं. तो खरंच त्यांचा नव्हता की होता हे मला आजही सांगता येणार नाही, म्हणून मी कुणाचं नाव घेत नाहीये.

दिरांच्या फोनवरून बँकेला फोन लावून कार्ड बंद करेपर्यंत तीन वेळा पैसे गेले होते. ४८००, ४९५०, ४२००. पिन कुणाला दिला नव्हता मग कसे गेले? टॅप करून. कार्ड नुसतं मशीनला टेकवलं की ५००० पर्यंत पिन लागतच नाही, हे १ जानेवारी २०२१ पासून आहे, आम्हाला माहीतच नव्हतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते, आज वाचताय तर आजच बघून घ्या, प्रवासाला निघायची वाट बघू नका.

होमस्टेच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी दोन घास खा गो, मगे बघूया, आणि त्यांचा मुलगा स्वतः आमच्याबरोबर पोलीस स्टेशनला आला. मालवणची माणसं वाईट आहेत असं माझ्या लिहिण्यातून कुणी घेऊ नका, त्या रात्री त्या घराने आम्हाला सांभाळलं.

तक्रार देताना दोन गोष्टी अडल्या. दागिन्यांची बिलं आणि फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर). बिलं कोल्हापुरात कपाटात. आयएमईआय फोनच्या खोक्यावर, ते पण घरी. शेजारणीला फोन करून, किल्ली कुठेय ते सांगून, खोक्याचा फोटो मागवला तेव्हा पुढे सरकलं. तो नंबर *#०६# डायल केलं की दिसतो, त्याचा फोटो बायको-नवऱ्याने एकमेकांच्या फोनमध्ये ठेवायचा. फोन ब्लॉक करायला सरकारच्या संचार साथी साईटवर सीईआयआर म्हणून सोय आहे, तिथे तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी घ्यायला चालू नंबर लागतो. डुप्लिकेट सिम घेतलं तरी त्यावर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाचा नंबर हाताशी असलेला बरा. आणि तक्रारीत "गहाळ" लिहू देऊ नका, चोरीला गेलंय तर चोरीच लिहायला सांगा. खात्यातून पैसे गेलेत तर बँकेला आधी आणि लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, घरी पोचल्यावर बघू असं करू नका.

फोन ब्लॉक झाला. पैशांचा बँकेशी वाद अजून चालू आहे. मंगळसूत्र नाही मिळालं, ते सासूबाईंनी त्यांच्या वाट्या मोडून मला करून दिलेलं होतं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला ते अजून खातंय.

नणंद आता तारकर्लीला चाललीये, काल तिला फोनवर हे सगळं परत सांगितलं. सोनं कोल्हापुरातच ठेव, कार्ड-फोन रूमवर, बोटीवर जाताना थोडी कॅश आणि आधारची झेरॉक्स, आणि सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरू नका, एक जण किनाऱ्यावर सामानापाशी बसायलाच हवा. ती म्हणाली मग सगळं रूमवरच ठेवते आणि कुलूप लावते. मी विचारलं, रूमची किल्ली कुठे ठेवशील? तर म्हणे, पर्समध्ये, किनाऱ्यावर. तिला म्हटलं किल्ली होमस्टेच्या काकूंच्या हातात देऊन जा, आणि फॉर्म भरताना कुठे उतरलोय ते मोठ्याने सांगू नको.