कोकणात घर बांधताय? मग सिमेंट कोणतं घ्यायचं

खाडीजवळच्या मावशीच्या घराचा छज्जा गेल्या पावसात खाली आला. तुकडा हातात घेऊन पाहिला. काँक्रीट टणक होतं, हातोडीने ठोकलं की खणखणीत वाजायचं. पण आतल्या सळईचे पापुद्रे नखाने निघत होते. समुद्राजवळ घर बांधणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. इथे काँक्रीट चिरडून घर पडत नाही. खारी हवा आत शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

दुकानदार म्हणतो, "५३ ग्रेड घ्या, मजबूत." साध्या सिमेंटचा, म्हणजे ओपीसीचा (ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट), हा आकडा २८ दिवसांच्या दाबाच्या ताकदीचा आहे, मेगापास्कलमध्ये. मीठ किती आत जाईल, हे तो सांगत नाही. ओपीसी लवकर ताकद धरतं, सेंट्रिंग लवकर मोकळं होतं, म्हणून ठेकेदाराला आवडतं.

पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्यात १५ ते ३५ टक्के कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते. मानकाची अट २८ दिवसांना ३३ मेगापास्कलची, म्हणून लोक त्याला कमी समजतात. पण राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश, महिनोन्‌महिने जुळत राहते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजवते. मिठाची वाट अवघड होते. स्लॅग सिमेंटचंही (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं) तसंच, आणि मीठ अडवण्यात ते आणखी सरस. मात्र सुरुवातीची ताकद संथ, घाईच्या कामाला ते नको.

चौथा पर्याय विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून आला, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. एलसी३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं सिमेंट. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात करेन स्क्रिव्हनर यांनी क्युबातल्या संशोधकांबरोबर आणि आपल्या दिल्ली, मद्रास, मुंबई आयआयटींबरोबर त्यावर काम केलं. निम्मं क्लिंकर (भट्टीत भाजलेले सिमेंटचे मूळ खडे), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंशांची भट्टी लागते, माती ७०० ते ८५० अंशांत भाजते. अगदी पांढरीशुभ्र चिनी मातीही लागत नाही, मातीत ४० टक्क्यांच्या आसपास केओलिन (चिनी मातीतलं मुख्य खनिज) असलं तरी भागतं. भाजलेल्या मातीतलं अ‍ॅल्युमिना चुनखडीशी जुळून छिद्रं भरतं, त्यामुळे मीठ फारच हळू आत जातं. २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९. अडचण एकच, तालुक्याच्या दुकानात ते मागितलं की मिळेलच असं नाही.

आता दुसरी बाजू. काँक्रीटचा ताजा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन हे रंग दाखवणारं रसायन शिंपडलं, की सळईला जपणारा अल्कधर्मी भाग गडद गुलाबी होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण घालवलेला भाग बिनरंगी राहतो. पीपीसी, स्लॅग, एलसी३ या तिन्हींत चुना कमी उरतो, म्हणून बिनरंगी पट्टा ओपीसीपेक्षा लवकर आत सरकतो. पाणी कमी मारलं असेल तर आणखीच लवकर. पुणे-नाशिकसारख्या समुद्रापासून लांबच्या गावी मिठाचा प्रश्न नसतो, तिथे हाच मुद्दा मोठा. पाणी मारायला खात्रीचं माणूस नसेल, तर तिथे मी ओपीसीच घेईन. माणूस असेल तर पीपीसी.

किनाऱ्यावर मात्र मी स्लॅगच्या बाजूने आहे, ते न मिळाल्यास पीपीसी. पण नुसतं पोतं बदलून काही होत नाही. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला किमान एम३० (२८ दिवसांना ३० मेगापास्कल ताकद), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. गवंडी बादली वाढवायला लागला की तिथेच थांबवा. पाणी १४ दिवस मारा.

मावशीच्या नव्या छज्ज्याला आम्ही स्लॅग सिमेंट वापरलं. सळईखाली ४५ मिलिमीटरचे ठोकळे बसावेत म्हणून छज्ज्याची जाडी वाढवावी लागली. ओली गोणपाटं १४ दिवस त्यावर होती, आणि मावशी रोज सकाळी स्वतः हात लावून ओल तपासत होती.