सोआवे की गावी?

इटालियन व्हाइट वाइन मागितली की दुकानदार हमखास पिनो ग्रिजो पुढे करतो. तिला तूर्त बाजूला ठेवा; इथे तुलना सोआवे आणि गावी या दोन इटालियन व्हाइट वाइन्सची.

सोआवे ही उत्तर इटलीतल्या व्हेरोना शहराच्या पूर्वेकडची. तिच्यात गार्गानेगा द्राक्ष किमान 70 टक्के हवंच. लेबल मात्र नीट वाचायचं. 'क्लासिको' लिहिलं असेल तर द्राक्षं सोआवे आणि मोंतेफोर्ते गावांच्या जुन्या टेकड्यांवरची. तिथली बरीचशी माती ज्वालामुखीची, काळपट. सपाटीवरचा भरमसाट माल अनेकदा पाणचट निघाला आणि त्यात या नावाची उगाच नाचक्की झाली. टेकडीवरच्या बाटलीत पिवळं सफरचंद, पांढरी फुलं आणि घोट उतरल्यावर जिभेवर रेंगाळणारा कडू बदामाचा हलका स्वाद मिळतो. शतावरीचा रिझोत्तो (इटालियन पद्धतीचा मऊ भात) किंवा गार्दा सरोवरातला मासा असेल तर हीच उघडा.

गावी ही वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातली, निव्वळ कोर्तेझे द्राक्षाची. 1998 साली तिला डीओसीजी, म्हणजे इटालियन वाइनचा सर्वोच्च अधिकृत दर्जा मिळाला. चव सडसडीत, लिंबाच्या अंगाने जाणारी. लिगुरिया या किनारी प्रांताची हद्द लागूनच असल्याने तिचा सगळा ओढा जेनोवाच्या किनाऱ्याकडे. तळलेल्या अँकोव्ही (छोटे समुद्री मासे) किंवा पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) घातलेला पास्ता असला की गावी बाजी मारते. 'गावी दि गावी' म्हणजे फक्त गावी नावाच्या गावाच्या हद्दीतली द्राक्षं. त्या दोन शब्दांसाठी जादा पैसे मोजायला मी तरी राजी नाही.

दोन-चार वर्षं ठेवायची असेल तर चांगली सोआवे क्लासिको घ्या. गावी बहुधा ताजीच बरी.