सोलापुरात बसून परदेशातली पार्टी : कोणता रस्ता आधी धरावा

नुकताच महारेराचा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा, एजंट नंबर घेतलेली मुलं हल्ली माझ्याकडे येतात आणि एकच विचारतात, "काका, बाहेरची पार्टी कशी धरायची?" पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, आणि बाहेरची म्हणजे पुण्या-मुंबईची नव्हे; दुबई, मस्कत, टेक्सास, न्यू जर्सीची. विचारण्यामागचं कारण रास्त आहे. जुळे सोलापुरात फ्लॅट बघणाऱ्या माणसाच्या ओळखीचे दहा एजंट असतात आणि दलालीवर शेवटच्या दिवसापर्यंत घासाघीस चालते. परदेशात राहणाऱ्याला इथे भरवशाचा एकच माणूस हवा असतो, आणि तो मिळाला की तो ठरलेली दलाली खळखळ न करता देतो.

यासाठी चार रस्ते आहेत. बाहेर गेलेल्या सोलापूरकरांच्या ओळखीतून जायचं. पोर्टल आणि जाहिरातींवर पैसे घालायचे. परदेशातल्या एजंटांशी आणि त्यांच्या संघटनांशी जोडून घ्यायचं. किंवा स्वतः विमानात बसून तिकडच्या मेळाव्यांना जायचं. पहिल्या तिन्हींत मी स्वतः पडलो आहे, चौथा जवळून पाहिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : सोलापूरच्या एजंटानं पहिला रस्ता धरावा, आणि त्या रस्त्यावर फ्लॅट विकत घेणाऱ्यापेक्षा वडिलोपार्जित घर विकणाऱ्याला आधी गाठावं.

ओळखीचा रस्ता

आपल्या गावाची रचना बघा. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांची मुलं इंजिनिअर झाली, आधी पुणे-हैदराबादला गेली, तिथून अमेरिकेत. वालचंदमधून आणि मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले जगभर आहेत. आखातात कामाला गेलेली घरं वेगळीच. यातल्या बहुतेकांचं इथे काहीतरी शिल्लक आहे : पेठेतलं जुनं घर, विजापूर रोडचा प्लॉट, आईवडिलांचा फ्लॅट. त्यांना नवीन घर घ्यायचं असेलच असं नाही. पण जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असतो.

साखर पेठेतल्या एका घराचं सांगतो. तीन भावंडं. थोरला इथेच, मधला मस्कतला, धाकटी बहीण न्यू जर्सीत, अमेरिकेची नागरिक. 34 लाखांना सौदा ठरला. थोरल्यानं मिळकत पत्रिका आणून माझ्यापुढे ठेवली, तर नाव आजोबांचं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि वारस नोंद कुणी लावलीच नव्हती. तिथून सुरुवात. नगर भूमापन कार्यालयाचे हेलपाटे, मग दोघांची कुलमुखत्यारपत्रं. मस्कतच्या भावानं भारतीय वकिलातीत जाऊन सही केली. बहिणीनं तिकडे नोटरी करून, त्यावर अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी खरेपणाचा शिक्का) घेऊन कुरिअरनं पाठवलं. परदेशात झालेला असा दस्त इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. लिफाफा आला त्या दिवशीच मी त्यावर तारीख टाकून ठेवली.

एवढं सांभाळलं आणि चुकलो दुसरीकडेच. घेणारा इथलाच, टॉवेलच्या धंद्यातला. त्याला एवढंच ठाऊक की 50 लाखांवरच्या घराला एक टक्का टीडीएस कापायचा असतो. आपला सौदा 34 चा, म्हणजे प्रश्नच नाही. मीही इसार होईपर्यंत तो विषय काढला नाही. विकणारा अनिवासी असेल तर हा हिशेब लागू होत नाही. रक्कम कितीही असो, कपात करावीच लागते. मिळकत दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर दर 12.5 टक्के, वर अधिभार आणि उपकर. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी आणलं नाही, तर ती कपात नफ्यावर न होता सगळ्या किमतीवर होते. थोरल्याचा हिस्सा सुटला. मस्कतच्या आणि न्यू जर्सीच्या हिश्श्यांवर कपात आली. घेणारा म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलं? उद्या नोटीस मला येणार." त्याचं खरं होतं. सौदा मोडता मोडता राहिला. एका सीएनं 1 एप्रिल 2001 रोजीचं घराचं मूल्य सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून घेतलं, नफा कमी दाखवता आला, प्रमाणपत्र मिळालं. पण त्यात जवळजवळ तीन महिने गेले आणि ते माझ्यामुळे गेले. तेव्हापासून अनिवासी विकणाऱ्याच्या सौद्यात इसारपावतीवरच कपातीचा मजकूर घालतो.

खरेदीखत झालं त्या आठवड्यात बहिणीनं तिच्या दोन मैत्रिणींना माझा नंबर दिला. दोघी सोलापूरच्या, दोघींची घरं इथे बंद पडलेली. एकीचं काम झालं, दुसरीचं चालू आहे. हे जाळं असंच वाढतं, एकेका घरानं, हळू. पहिल्या वर्षात दोन-तीन व्यवहार झाले तरी पुष्कळ समजा. खर्च मात्र पैशांचा कमी आणि वेळेचा जास्त. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसहा झालेले असतात. बोलायची वेळ तीच. आखातवाल्यांचं सोपं, दुबई आपल्यापेक्षा दीडच तास मागे.

आणखी एक फायदा या रस्त्याला आहे जो पुण्याच्या एजंटाकडे नाही. आपण मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी एका दिवसात बोलतो. टेक्सासमधल्या मुलाशी इंग्रजीत बोलणं झालं तरी निर्णय घरातल्या अम्मांना विचारूनच होतो, आणि अम्मांशी तेलुगूत बोलणारा एजंट त्या घरचा होऊन जातो.

पोर्टल आणि जाहिराती

इथे उलटं आहे. पैसे भरले की दुसऱ्या दिवसापासून फोन. मी एका पोर्टलचं वर्षाचं पॅकेज घेतलं होतं. नंबर यायचे, पण तोच नंबर आणखी चार-पाच एजंटांना गेलेला असायचा; माझा फोन पोचेपर्यंत समोरचा वैतागलेला. वर्षभरात परदेशातून आलेल्या चौकशांपैकी एकच व्यवहारापर्यंत आली.

त्या चौकशांतली मोठी संख्या एकाच गोष्टीची होती : अक्कलकोट किंवा तुळजापूर रस्त्याला दोन-चार एकर शेत, त्यावर छोटं फार्महाऊस. याचं उत्तर पाठ करून ठेवा. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांनी अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिक झालेले भारतीय वंशाचे लोक) घर घेऊ शकतात, दुकान-ऑफिस घेऊ शकतात. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वारसानं आली तर ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. "कुणाच्या तरी नावावर घेऊन टाका" असं सुचवणारे एजंट आपल्याच गावात आहेत. त्या वाटेला जाऊ नका. माणूस सात समुद्रांपलीकडे, सात-बारावर नाव चुलतभावाचं, आणि पुढे वाद झाला की मध्ये तुम्ही.

तरीही जाहिरात पूर्ण सोडू नये. पॅकेजपेक्षा स्वतः काढलेला साधा व्हिडिओ जास्त काम करतो, हा माझा अनुभव. इमारतीच्या बाहेरच्या रस्त्यापासून चालत सुरुवात करायची, जिना, दार, खोल्या, गच्चीवरची पाण्याची टाकी. मी स्वयंपाकघरातला नळ उघडून दाखवतो आणि पालिकेचं पाणी किती दिवसांनी येतं, बोअर आहे का, हे तिथंच उभं राहून सांगतो. सोलापूरकर जगात कुठेही असो, त्याचा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. भिंतीला ओल असेल तर तीही दाखवा. प्रकल्प नवा असेल तर जाहिरातीत महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड हवाच, 1 ऑगस्ट 2023 पासून तो बंधनकारक आहे; आणि नोंदणी आवश्यक असूनही ती नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटाला कायद्यानंच मनाई आहे.

परदेशातले एजंट आणि संघटना

एनएआर-इंडिया ही देशातल्या एजंटांची संघटना 2008 पासून आहे. पॅरिसमध्ये 1951 साली सुरू झालेली फियाब्सी ही या धंद्याची आंतरराष्ट्रीय संघटना जगभर आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी सीआयपीएस नावाचं प्रशिक्षणही मिळतं. पुण्या-मुंबईच्या एजंटांना याचा उपयोग होतो. आपल्याला किती होईल, हे मोजूनमापून बघा. भारताबाहेर राहणारा, भारतीय वंशाचा नसलेला परदेशी माणूस इथे घर विकत घेऊच शकत नाही. फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाड्यानं घेऊ शकतो. म्हणजे तिकडच्या एजंटाकडून सोलापूरसाठी गिऱ्हाईक यायचं तर ते शेवटी तिकडचं सोलापूरकर घरच असणार, आणि तिथं ओळखीचा रस्ता जास्त जवळचा पडतो.

या रस्त्याचा खरा उपयोग उलट दिशेला आहे. इथले डॉक्टर, चादर-टॉवेल निर्यात करणारे कारखानदार आता दुबईत फ्लॅट घ्यायचं बोलतात. हिशेब त्यांच्यापुढे उघड मांडावा : एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते (तो नंतर कराच्या हिशेबात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो), आणि दुबईच्या लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी 4 टक्के. तिथे काम करायला तिथली ब्रोकर नोंदणी लागते. महारेराचा नंबर तिकडे चालत नाही. तुम्ही फक्त गिऱ्हाईक पाठवायचं आणि तिकडच्या ब्रोकरच्या दलालीतला वाटा घ्यायचा. तो वाटा आधी कागदावर घ्या. आणि हेही धरून चाला की तिकडच्या बिल्डरनं ताबा लांबवला तर डॉक्टरसाहेब दुबईला जाणार नाहीत, तुमच्या ऑफिसात येतील. मी अशी दोनच माणसं पाठवली, आणि दोन्ही वेळा आधी बांधून पूर्ण झालेलाच फ्लॅट बघायला लावला.

स्वतः तिकडे जाणं

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन उत्तर अमेरिकेत दर दोन वर्षांनी भरतं. 2024 साली सॅन होजेला झालं. तिकडे बिल्डरांचे स्टॉल लागतात. पुण्याच्या बिल्डरला ते परवडतं, कारण त्याच्याकडे विकायला शेकडो फ्लॅट असतात. सोलापूरच्या एकट्या एजंटानं तिकीट, व्हिसा, मुक्काम आणि स्टॉलचा खर्च करून काय दाखवायचं? चार-पाच जण मिळून, एखाद्या मोठ्या प्रकल्पाबरोबर जाणार असाल तर गोष्ट निराळी.

त्यापेक्षा माणसं इथे येतात तेव्हा तयार राहा. डिसेंबरच्या सुट्टीत बरेच जण येतात, मुंबईत उतरून वंदे भारतनं रात्री घरी. ज्यांना रजा मिळते ते गड्ड्यापर्यंत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत, थांबतात, भोगीला संमती कट्ट्यावरच्या अक्षता पाहूनच परततात. त्या तीन आठवड्यांत सगळी भावंडं एका घरात असतात, जे एरवी पाच वर्षांत होत नाही. वारस नोंदीचे अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, समक्ष सह्या, सगळं तेव्हा उरकतं. नोव्हेंबरमध्येच फोन करून विचारायचं, "यंदा येताय का, कागद काय काय काढून ठेवू?"

मग ठरवायचं कसं?

ज्याच्या हाताशी वर्षभर घर चालवण्याइतकं स्थानिक काम आहे, त्यानं ओळखीचा रस्ता धरावा आणि जाहिरातीला फक्त व्हिडिओ ठेवावेत. ज्याला लगेच उत्पन्न हवं आहे त्यानं परदेशी पार्टीच्या मागे आत्ता लागूच नये. हे पैसे उशिरा येतात. दुबईचा व्यवहार अशा एजंटासाठी, ज्याचे कारखानदार किंवा डॉक्टरांशी जुने संबंध आहेत आणि ते एका सौद्यासाठी पणाला लावायची ज्याची तयारी नाही, कारण तोच नीट चौकशी करेल.

रस्ता कोणताही धरा, चांगला सीए आणि सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) देणारा वकील आधी जोडा. पार्टीनं टोकन म्हणून डॉलरच्या नोटा पुढे केल्या तर घेऊ नका; पैसे बँकेतूनच, अनिवासींच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून किंवा बाहेरून थेट पाठवलेले. आणि जीएसटी भरत असाल तर एक गैरसमज काढून टाका : परदेशातून डॉलरमध्ये आलेली दलाली ही निर्यात ठरत नाही. मिळकत सोलापूरची, तर सेवा सोलापूरचीच, 18 टक्के लागतात. ही रक्कम दलाली ठरवतानाच धरा, न्यू जर्सीच्या ताईंना नंतर फोन करून मागायची वेळ आणू नका.