जीआरसी म्हणून गळ्यात मारलेली जाळी

दाखवायचा नमुना अस्सल असतो, खोट असते ती नंतर आलेल्या मालात. जीआरसीचा, म्हणजे काचेचे तंतू घातलेल्या सिमेंटचा, दुकानातला वीतभर तुकडा गिऱ्हाइकासमोर हातोडीने ठोकतात. तो तडकतो, पण सुटत नाही. भेगेतून पांढरे तंतू दिसतात आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. मग वरून एक वाक्य येतं, "साहेब, समुद्राजवळ आरसीसीची जाळी लावाल तर सळी गंजून फुटणारच."

गंमत अशी की हे वाक्य खरं आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ : २००० मध्ये, किनाऱ्यालगतच्या हवेला 'सिव्हिअर' (तीव्र) म्हटलंय. तिथे किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर, लागतो. दोन्ही बाजूंना ४५ आणि मध्ये ८ ची सळी धरली की जाळीची पट्टी जवळपास १०० मिमी जाड होते. एवढी जाड जाळी कुणी करत नाही. ४० मिमीची करतात, कव्हर जेमतेम १५ मिमी उरतं आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत सळी फुगून काँक्रीटचे पापुद्रे सोडते. त्यामुळे जाळी, कॉर्निस, दर्शनी नक्षी यांसाठी जीआरसी घेणं चुकीचं नाही. पैसे बुडतात ते जीआरसीच्या नावाखाली दुसरंच काही आल्यामुळे.

सगळी भानगड काचेच्या तंतूत आहे. सिमेंट अल्कधर्मी असतं आणि साधी ई-ग्लास त्यात हळूहळू खाल्ली जाते. १९६०च्या दशकाअखेरीस ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये मजुमदार यांनी झिर्कोनिया घातलेल्या काचेवर काम केलं, त्यातून अल्कलीला टिकणारी एआर-ग्लास आली आणि मग जीआरसी बाजारात उभं राहिलं. एआर-ग्लासमध्ये वजनाने किमान १६ टक्के झिर्कोनिया हवा. ई-ग्लास म्हणजे टाक्या आणि होड्यांच्या फायबरकामातली काच. ती बरीच स्वस्त मिळते आणि दिसायला तशीच पांढरी. नव्या मालात ताकदही बरी देते, म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. पावसाळे जात राहतात तसे जाळीच्या नक्षीतल्या पाकळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा येतात. तुटलेल्या कडेकडे निरखून पाहा. चांगल्या मालात तंतू दाढीच्या खुंटांसारखे बाहेर आलेले असतात, खाल्लेल्या मालात ते भेगेच्या पातळीलाच कट झालेले असतात आणि तुकडा खडूसारखा मोडतो.

दोन्ही तंतू डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, कुणी ओळखतो म्हणाला तर सोडून द्या. ऑर्डर मोठी असेल तर कास्टिंगच्या दिवशी कारखान्यात जा. तंतूच्या रीळावरचं लेबल, बॅच नंबर यांचे फोटो घ्या आणि त्या बॅचचं खरेदीबिल मागा. एक तंतूची लड लॅबमध्ये एक्सआरएफला (क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या चाचणीला) द्या, झिर्कोनिया किती ते कागदावर येतं. तिथेच वॉशआउट करून घ्या. ओल्या मालाचा १ किलोचा तुकडा चाळणीत पाण्याखाली धुवायचा, उरलेले तंतू वाळवून तोलायचे. स्प्रेच्या कामात (साच्यावर फवारलेल्या मालात) साधारण ५० ग्रॅम भरले पाहिजेत, प्रीमिक्समध्ये (तंतू आधीच मिसळून ओतलेल्या मालात) ३० च्या आसपास. १५ ग्रॅम निघाले तर पुढे बोलायची गरज नाही.

याहून धीट चोरी म्हणजे सिमेंटच नसणं. फायबर घातलेलं पीओपी आतल्या छतासाठी ठीक आहे, वर एक्स्टेरिअर पेंट मारून तेच बाहेरच्या जाळीला खपवतात. हे मात्र घरी कळतं. तुटका तुकडा रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी चावीने ओरखडा काढा. पीओपी लोण्यासारखं खरवडतं, सिमेंटवर नुसता चरा उठतो.

जाडीवरही हात मारतात. भाव चौरस फुटाचा ठरतो, वजन कुणी बोलत नाही. १२ मिमीचं सलग पॅनल चौरस मीटरला २४ किलोच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला सुमारे सव्वादोन किलो भरतं. तेवढंच ७५ मिमीचं आरसीसी चौरस फुटाला सतरा किलोवर जातं. पॅनल सव्वा किलोचं निघालं तर १२ ऐवजी ७ मिमी आलंय. क्युरिंगचंही तसंच. एवढा पातळ थर उन्हात तासाभरात सुकतो आणि सिमेंट कच्चं राहतं. एकतर मिक्समध्ये अ‍ॅक्रिलिक पॉलिमर हवं, नाहीतर सात दिवस ओलं ठेवायला हवं. काल साच्यातून काढलेला माल आज टेम्पोत चढला असेल आणि पॉलिमरची पावती नसेल, तर तो परत पाठवा.

बसवताना मिस्त्री चारी बाजूंनी मसाला भरून जाळी घट्ट करतो. मालकाला ते मजबूत वाटतं. ओलं-सुकं होताना जीआरसी मीटरला एक-दीड मिमी हलतं, जागा न ठेवल्यास बोल्टच्या भोकाजवळ तडकतं. मग पुरवठादार मिस्त्रीवर ढकलतो, मिस्त्री मालावर. लांबट भोकं, मोठे वॉशर आणि कडेला सीलंट, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. किनाऱ्यावर बोल्ट ३१६ स्टेनलेसचे हवेत. ३०४ आणि ३१६ चुंबकाने वेगळे होत नाहीत, त्याला मॉली टेस्टचं (३१६ मधला मॉलिब्डेनम धातू ओळखणारं) द्रावण लागतं.

जिथे जीआरसी नकोच तिथेही ते विकलं जातं. बाल्कनीचा कठडा घ्या. इमारतीवरच्या भारांचं मानक आयएस ८७५, त्याच्या भाग २ प्रमाणे घराच्या कठड्याने मीटरला सुमारे ३५ किलोचा आडवा रेटा सोसला पाहिजे. पोकळ बलस्टरच्या (कठड्याच्या उभ्या नक्षीदार दांड्याच्या) आत लोखंडी पाइप किंवा आरसीसीचा गाभा नसेल तर तो निव्वळ शोभेचा. छज्जावर रंगारी उभा राहतो, एसीवाला गुडघा टेकतो, तिथे पोकळ कवच चालत नाही. खांबावर जीआरसीचं कवच लावायचं तर ते नकाशातल्या मापाच्या बाहेर. २३० मिमीच्या खांबात कवच धरून २३० भरलं की काँक्रीट जेमतेम २०५ चं उरतं.

शेवटी बिल. फसलेल्या बहुतेकांकडे 'डेकोरेटिव्ह जाळी, १ लॉट' एवढंच लिहिलेलं बिल असतं, आणि त्यावर काहीच सिद्ध करता येत नाही. 'जीआरसी, एआर-ग्लास, १२ मिमी, चौरस फुटाला अमुक किलो' असं लिहून घ्या आणि एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाचा कोड, पाहा. सिमेंटच्या वस्तू ६८१० मध्ये येतात, प्लास्टरच्या ६८०९ मध्ये. तोंडाने जीआरसी म्हणणारे बिलावर कधी कधी इमानदारीने ६८०९ टाकतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा पहिली भेग दिसताच तारखेसह फोटो काढा आणि लेखी नोटीस पाठवा.